सुकाणावर कोण होतं

जगन, तू हात केलास. ही एक गोष्ट मी आधी सांगून टाकते. गेल्या चौदा दिवसांत ती मी तीन माणसांना सांगितली आणि तिघांपैकी एकानेही ती धरून ठेवली नाही.

देवगड बंदरात मी बाजार आणि बँकेचं काम उरकून डिंगी वल्हवत बोटीकडे परत येत होते. साडेबारा झाले असतील. पिशवीत दोन नारळ, लाल भाजी आणि तुझ्यासाठी बांगडे. आपली शिडाची बोट, कुर्ली, नांगरावर उभी होती, तोंड खाडीकडे, म्हणजे ओहोटी लागलेली. तू मागे सुकाणाशी बसला होतास. पाय लांब सोडलेले, टोपी कपाळावर ओढलेली. मी शंभरेक हातांवर आले तेव्हा तू उजवा हात खांद्याएवढा उचललास आणि परत मांडीवर ठेवलास. रोज करायचास तसाच. मीही एक वल्हं सोडून हात केला.

डिंगी बोटीला लावली, पिशवी वर ढकलली आणि म्हटलं, "धर रे." तू धरली नाहीस. पिशवी कलंडली आणि बांगडे तुझ्या पायांवर पडले. तू पाय मागे घेतले नाहीस.

शेजारच्या ट्रॉलरवरची माणसं धावून आली. त्यांनीच तुला धक्क्यावर नेलं. डॉक्टरांनी तुझा कोपर वाकवून बघितला, तो वाकेना. ते म्हणाले, "हृदय बंद पडलं. नऊच्या आतबाहेर गेलेत." मी म्हणाले, साडेबाराला माझ्या भावाने मला हात केला. ते म्हणाले, "बाई, ऊन फार होतं." दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "भास झालो तुका." तिसरा तो ट्रॉलर चालवणारा तांडेल. ते ऐकल्यावर कुर्लीच्या कठड्यावर टेकवलेला हात त्याने फक्त काढून घेतला.

त्यानंतर त्याचा ट्रॉलर आपल्या बाजूला नांगर टाकत नाही.

तुला हे सगळं सांगायचं म्हणजे जरा विचित्रच आहे. पण सात वर्षं मी दुसऱ्या कुणाशी इतकं बोललेलेच नाही, आता नवीन माणूस कुठून आणू? आणि आपलं एक भांडण मिटायचं राहिलं आहे. ते तुला ठाऊक आहे.

सात वर्षांपूर्वी तू जहाजांच्या इंजिनघरातली नोकरी संपवून कुणकेश्वरला आलास आणि तीन महिन्यांत कोच्चीहून ही चौतीस फुटी शिडाची बोट घेऊन आलास. एक परदेशी म्हातारं जोडपं तिच्यातून अर्धं जग फिरलं होतं. म्हाताऱ्याचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी ती सोडली. तू तिचं नाव कुर्ली ठेवलंस. मी म्हटलं, खेकडा? हे काय नाव? तू म्हणालास, "शिडाची बोट सरळ कधी जायत नाय, आक्का. तिरपी तिरपी चलता. कुर्ल्येसारखी."

तेव्हा मी कणकवलीच्या शाळेतून नुकती निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला आणि स्वतः मुंबईच्या पलीकडे काही बघितलं नव्हतं. यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. तू जेवता जेवता विचारलंस, "येतंस?" मी विचारलं, "किती दिवस?" तू म्हणालास, "ता खंय ठरवचा आसा?"

दादा आपल्या तिघा भावंडांतला थोरला. तलाठी म्हणून गावोगाव हिंडलेला, पण पाण्यात घोट्याच्या वर कधी गेला नाही. तो ताटावरून उठला. "बाईमाणसाक घेवन दर्यात रवतलंस? लोक काय म्हणतले?"

"लोक किनाऱ्यार रवतत, दादा. आमी थंय नसतलंव," तू म्हणालास.

त्यानंतर पाच वर्षं दादा आपल्याशी बोलला नाही.

पहिले चार महिने मी नुसती ओकत होते. मग एका सकाळी कारवारच्या बाहेर मला भूक लागली आणि तू हसून म्हणालास, आता झाली तू दर्याची. कुकर चुलीला तारेने बांधून भात लावायला शिकले. आंघोळीला एक तांब्या गोडं पाणी पुरवायला शिकले. शिडं उतरवायला, वारा कानाच्या पाळीवर ओळखायला शिकले. नकाशावर मी ज्या ठिपक्यांवर छडी ठेवायचे, त्यांना वास असतो हे मला साठीच्या तोंडावर कळलं. मिनिकॉयला उन्हात वाळणाऱ्या मासळीचा, मालदीवच्या एका बेटावर ओल्या चुन्याचा, श्रीलंकेत गॉलला दालचिनीचा. कुणकेश्वरात मी कुणाची तरी विधवा बहीण होते. बोटीवर मी दुपारी बारा ते तीन सुकाण धरणारी माणूस होते. तू मला काय दिलंस ते यात आलं.

भीतीही तूच घालवलीस. खालच्या खोलीत झोपलं की बोटीच्या अंगाला घासून जाणारं पाणी ऐकू यायचं, आणि ते बोलल्यासारखं वाटायचं. शेजारच्या खोलीत चार माणसं बसून हळू बोलतात ना, तसं. शब्द कळत नाहीत, पण आपलीच माणसं आहेत हे कळतं. एकदा मला त्यात कुणीतरी "गो" म्हटल्याचं स्पष्ट ऐकू आलं. मी तुला सांगितलं. तू इंजिनात डोकं घालून बसला होतास. डोकं न काढताच म्हणालास, "पाणी बोलता. आपण ऐकूचा. जबाब देवचो नाय."

मी त्यावर हसले. तू हसला नव्हतास.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाच्या दुपारचं. गॉलहून आपण अंदमानला निघालो होतो. निघताना सुकाण आपोआप सांभाळणारं यंत्र बिघडलं, म्हणून नऊ-दहा दिवस हातानेच सुकाण धरायचं ठरलं. तीन तास तू, तीन तास मी. पाचवा दिवस. वारा हलका, समुद्र तेल ओतल्यासारखा, ऊन इतकं पांढरं की आकाश कुठे संपतं ते दिसत नव्हतं. मला आदल्या दिवसापासून ताप होता. तू म्हणालास, "तू नीज. एक वाजेपर्यंत मी बसतंय."

मी झोपले. जाग आली तेव्हा चुलीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी उठून बसले नाही. पडल्या पडल्या पायऱ्यांच्या दारातून वर बघितलं. सुकाणाशी माणूस बसला होता, माझ्याकडे पाठ करून, तोंड मागच्या पाण्याकडे. अंगात तुझा पिवळा रेनकोट, टोपी डोक्यावर ओढलेली. मला वाटलं, बिचारा अजून बसलाय, मला उठवलं नाही. एवढ्या उन्हात रेनकोट कशाला घातला असेल, असंही वाटलं. पण तापात विचार पुढे जात नाही. मी डोळे मिटले.

परत उठले तेव्हा साडेतीन झाले होते. शीड फडफडत होतं. वर आले तर सुकाणावर कोणी नव्हतं.

जगन, तो एक क्षण मी कुणालाही सांगू शकत नाही. सुकाणाचा दांडा आपला आपण थोडा डावीकडे जात होता, थोडा उजवीकडे येत होता. चारी बाजूंना पाणी. मी पाण्यात बघत होते, तुझं डोकं कुठे दिसतं का. दोन वाजता तू होतास. आता साडेतीन. दीड तासात बोट किती पुढे येते, याचा हिशोब मी भूगोलाच्या बाईसारखा करत होते, आणि तोंडाने ओरडत होते, "जगन्या, जगन्या."

तू बोटीच्या पुढच्या टोकाच्या, नाळेकडच्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आलास. "काय झाला गो?"

मी दांड्याकडे बोट दाखवलं. "सुकाणार कोण आसा?"

"कोण म्हणजे? तूच होतंस ना? एक वाजता तुझ्या हातात दिलंय मी."

"मी आता उठलंय, जगन्या. दोन वाजता तू होतंस."

तू वर आलास. मग मागे बघितलंस. एक मोठं मालवाहू जहाज आपल्यापासून लांब जात होतं. त्याने पाण्यात पाडलेला पांढरा पट्टा आपल्या मागून, फार जवळून गेला होता. तू खाली जाऊन जीपीएसवर उमटलेली आपली वाट बघितलीस. सकाळपासून सरळ आलेली रेघ अडीचच्या सुमाराला दक्षिणेकडे वळली होती, दोनेक मैल गेली होती आणि परत मूळ दिशेला लागली होती. शिडं नीट बांधली तर बोट आपली आपण सरळ जाते, हे मलाही ठाऊक आहे. पण वळून जहाजाला वाट देऊन पुन्हा सरळ व्हायला हात लागतो.

तुझा रेनकोट खाली त्याच्या खुंटीवर टांगलेला होता. तू वर गेलास तेव्हा मी त्याला हात लावला. बाह्या ओल्या होत्या.

हे मी तुला सांगितलं नाही. पिवळा रेनकोट, पाठमोरा माणूस, ओल्या बाह्या, यातलं काहीच सांगितलं नाही. मी फक्त एवढंच म्हणत राहिले, की तूच होतास. आणि तू म्हणत राहिलास, "तू इलंस, टोपी घातलंस, माझ्या बाजूक बसलंस. मी इचारलंय, ताप उतरलो? तू मान हलवलंस." अंदमान येईपर्यंत आपण हेच बोललो, आणि त्यानंतर तीन दिवस काहीच बोललो नाही.

मग तू प्रश्न विचारायला लागलास. सकाळी चहाचा कप माझ्या हातात द्यायच्या आधी. "आये चुलीकडे बसान खयचा गाणा म्हणी?" "आमच्या कपिलेचो कोणचो शिंग मोडललो?" मी उत्तर दिलं, की तू कप पुढे करायचास. मला कळलं हे कशासाठी आहे. आईची शेवटची तीन वर्षं आपण दोघांनी बघितली होती. ती मला विचारायची, "तुमी कोणाची गो?" तुला वाटत होतं की तेच आता माझं सुरू झालंय. सुकाण हातात घेतलं, जहाज चुकवलं, जाऊन झोपले आणि विसरून गेले.

तुला पुढे जायचं होतं. मलाक्का, बोर्निओ, मग पुढची सगळी बेटं. तू नकाशांच्या गुंडाळ्या माझ्या खाटेखाली ठेवल्या होत्यास. अंदमानात दोन महिने काढून एका सकाळी तू म्हणालास, "आक्का, परत जावया. माका घरचो किनारो होयो." मी ओळखलं. तू माझ्यासाठी परत फिरत होतास. आणि मी एका वाक्यात तुला थांबवू शकले असते. मी विसरले नाही जगन, मी दुसऱ्याच कुणाला तरी बघितलं, एवढंच म्हणायचं होतं. पण मला वाटलं, हे सांगितलं तर तू मला विसराळू नाही, वेडी समजशील. मी गप्प राहिले. तुझा अर्धा राहिलेला प्रवास माझ्या गप्प बसण्याने गेला, असं मी दोन वर्षं मानत आले.

त्या दोन वर्षांत आपण देवगडच्या बाहेर फार गेलो नाही. मालवण, वेंगुर्ला, पावसाआधी बोट वर काढायला गोवा. दादा बोलायला लागला. तू कधी कधी त्याच्याकडे जाऊन बसायचास. प्रश्न मात्र थांबले नाहीत. दोन वर्षं, रोज एक. मी चिडत गेले. कधी मुद्दाम उशिरा उत्तर द्यायचे. तेवढा वेळ तू कप धरून उभा असायचास आणि चहा तुझ्या बोटांवर सांडायचा. मला वाटायचं, वय झालं.

काल तेरावा झाला. माणसं गेली. दादा आणि मी मागच्या पडवीत बसलो होतो. दादा म्हणाला, "एक सांगूचा आसा. जगनान सांगू नको म्हटल्यान होता. पण आता तो नाय."

मी म्हटलं, "सांग."

"त्या अंदमानाच्या वाटेर सुकाण घेतल्यान ती तू नव्हतंस. ता तेका म्हायत होता."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"तो म्हणालो, दादा, तोंड आक्काचा, कपडे आक्काचे. पण बोटीच्या पायऱ्यांची दुसरी फळी करकरता. कोणीय पाय ठेवलो की करकरता. ती वर इली आणि फळी वाजाक नाय. झोपेत होतंय, तेव्हा ध्यानात इला नाय. खाली उतारताना माझ्या पायाखाली ती वाजली, उन्हातसून इल्लंय म्हणान आक्काची खाट काळोखात दिसाक नाय. आडवो पडलंय, तेव्हा समाजला. पण परत वर जावन बघूची माझी हिंमत झाली नाय."

"मगे तो माका रोज इचारी होतो ता?" मी विचारलं. "तेका वाटा होता मी इसारतंय म्हणान?"

दादा माझ्या जवळ सरकला. "इसारलंस काय, ता बघूक नाय गो. समोर बसली आसा ती आक्काच आसा काय, ता बघूक. एकदा फसलंय, म्हणी. परत फसाचो नाय. तुका सांगूक नाय, कारण तुका भय वाटला असता आणि तू बोट सोडलं असतंस. तिका वाटूंदे मी तिका इसराळी समाजतंय, म्हणालो. रागावतली, पण रवतली."

जगन, मी तिथे बसून होते आणि माझी पाठ भिंतीला लागली होती, तरी मला ती अजून मागे न्यावीशी वाटत होती. दोन वर्षं तू त्या चौतीस फुटांत एका बाईबरोबर राहिलास. तिच्या हातचं जेवलास, तिच्या शेजारच्या खोलीत झोपलास, आणि रोज सकाळी तुला माहीत नसायचं की ती कोण आहे. उत्तर बरोबर आलं, की तुझा एक दिवस सुटायचा. आणि मी तुला वेड्यासारखी ताटकळत ठेवायचे.

दादाला मी शेवटच्या सकाळचं सांगितलं नाही. ते फक्त तुझं आणि माझं आहे.

त्या सकाळी साडेसातला मी बाजाराला निघाले होते. उशीर झाला होता, मासळी संपली असती. तू कप घेऊन आलास आणि विचारलंस, "माका शाळेत पयल्या दिवशी कोणी नेल्ल्यान?" मी पिशवी शोधत होते. मी म्हटलं, "माका काय ठावक. रोज रोज काय रे ह्या?"

तू कप दिला नाहीस. खाली ठेवलास. मी डिंगीत उतरले आणि दोरीसाठी हात वर केला. रोज तू दोरी माझ्या हातात देतोस. त्या दिवशी तू ती फळीवर ठेवलीस आणि दोन पावलं मागे सरलास. मी वर बघितलं. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी मनात म्हटलं, रुसला. आणि वल्हवत निघून गेले. डॉक्टर म्हणाले, नऊच्या आतबाहेर.

तुला मी नेलं होतं, जगन. मीच. तू सहा वर्षांचा, मी बारा. आईला ताप होता, आणि दादा तुझा हात धरायला लाजत होता. देवळाच्या मागच्या वाटेने आपण गेलो. वाळू तापली होती, तू अनवाणी होतास, म्हणून माडांच्या सावलीतून सावलीत उड्या मारत गेलो. शाळेच्या दारात तू माझ्या परकराचं टोक सोडेनास. मास्तरांनी विचारलं, "ही कोण?" आणि तू रडत रडत म्हणालास, "माझी आक्का." हे मी विसरेन? हे मी एका शब्दात सांगू शकले असते. एक शब्द होता रे. "मी." तेवढा म्हणायला मला वेळ नव्हता.

मी या बोटीवर राहणार आहे, तुला सांगते. दादा म्हणतो घरी ये, तुझी खोली झाडून ठेवलीय. त्याचा जीव तुटतो, ते दिसतं मला. पण मला तिथे काय करायचं? भीती मला वाटते. काल पाणी बोलत होतं, मी ऐकलं, जबाब दिला नाही. तू शिकवलंस ते मला येतं. पावसाच्या आत बोट गोव्याला न्यायची आहे. दिवसाउजेडीच जाईन. आधी मालवण, मग वेंगुर्ला. दादा म्हणाला, सोबतीला माणूस देतो. मी नको म्हटलं.

आज सकाळी बंदराच्या ऑफिसात गेले. बोट हलवायची तर नोंद करावी लागते. टेबलावर नवीन माणूस होता, त्याला आपण कोण ते माहीत नव्हतं. त्याने नाव विचारलं, बोटीचं नाव विचारलं, कुठे जाणार विचारलं. मी एकेक सांगत गेले. मग त्याने मान खाली घालूनच विचारलं, "बोटीवर माणसं किती?"

 सात वर्षं दोन म्हणत आलो आपण. खिडकीतून कुर्ली दिसत होती, पण मी तिकडे बघितलं नाही.

तो म्हणाला, "मॅडम, किती लिहू?"

मी म्हटलं, "एक."

त्याने लिहिलं आणि कागद माझ्यासमोर सरकवला. बोटीच्या प्रमुखाची सही. मी सही केली.